सुभेदारआबा आणि डॉल्बी

सुभेदारआबांना राम राम घातला, की ते आधी तुमच्याकडे बघत नाहीत, हातातल्या मीटरकडे बघतात.

“अडुसष्ट! घरात हाय मी मास्तर, बॉर्डरवर न्हाई. हळू बोला!”

इस्लामपुरात आबांचं घर माझ्या घराला लागून आहे. उभी हयात तोफखान्यात काढलेला हा माणूस. गेल्या वर्षी त्यांनी आवाज मोजायचं यंत्र मागवलं आणि गल्लीत शिंकायचीसुद्धा चोरी झाली. आमच्या हिचा मिक्सर, समोरच्यांचा कुकर, भंगारवाल्याचा कर्णा, कुणालाच सुट्टी नाही. निवडणुकीत ‘शांत, संयमी नेतृत्व’ असं ओरडत एक रिक्षा आली, तर आबा आडवे. “तुमचा संयम पंच्याण्णव भरला! बेशिस्त!”

‘बेशिस्त’ ही त्यांची सगळ्यात घाण शिवी. पण ती ज्या ताकदीनं बाहेर पडायची, त्यापुढे बाकीच्या शिव्या म्हणजे अंगाई.

एकदा पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेले, तर तिथले साहेब म्हणाले, “आबा, दहाच डेसिबल तर जास्त आहे.” झालं. त्या ‘दहाच’चा राग आबांनी आठवडाभर माझ्यावर काढला.

“डेसिबल म्हंजे ऊस हाय व्हय, मोळीवर मोळी टाकून मोजायला? दहानं वाढला तर आवाजाची ताकद दहापट. वीसनं वाढला तर शंभरपट! आन् ह्यो म्हनतो दहाच!”

मी मान हलवायचो. न हलवून जातो कुठं?

मग लग्नसराई आली. गल्लीच्या तोंडावरच्या घरात लग्न निघालं. भर दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डॉल्बी चढवून वरात सुटली. पहिल्या दणक्याला आमच्या फडताळातली पातेली चालत चालत कडेला आली. मी धावत बाहेर गेलो, तर आबा लेंगा-बनियनवर ट्रॅक्टरसमोर उभे. डावा हात वर, उजव्या हातात मीटर, तोंड सताड उघडं. काय म्हणत होते, ते त्यांनाही ऐकू येत नसणार. पोरांना वाटलं, आबा नाचायला आले. एकानं त्यांच्या डोक्यावर गुलाल ओतला, दुसऱ्यानं हात धरून गिरकी घ्यायला लावली.

त्या गिरकीनंतर आबांनी ट्रॅक्टरची किल्लीच काढून घेतली. डॉल्बीवाला बंटी खाली उतरला आणि आवाज बंद करून जवळ आला.

“वस्तीत दिवसा पंचावन्नाची परवानगी हाय,” आबांनी मीटर त्याच्या नाकासमोर नाचवला. “हिथं एकशे आठ!”

“आवं आबा, माझ्या मोबाईलवर बगा की. ऐंशीच दावतंय.”

“मोबाईलचा माईक बोलायसाठी केलाय रं! येवढा दणका त्याच्या तोंडात मावत न्हाई, तर दावंल कुठनं? आन् बटन ‘ए’वर हाय तुजं. ‘ए’ कानाच्या हिशेबानं मोजतं, त्यात खालचा धमाका गाळला जातो. ‘सी’वर लाव, मग कळंल खिडक्या का नाचत्यात!”

“बरं, स्पीकरची निम्मी खोकी बंद करतो. मग तर झालं?”

“निम्मी बंद करून काटा तिनानंच खाली येतो! कुनाला शिकवतोस?”

“आबा, लगीन काय रोज हुतंय का?” बंटी वैतागला. मागून कुणीतरी किल्ली हिसकावली. डॉल्बी पहिल्यापेक्षा चढी वाजायला लागली आणि वरात आम्हाला बाजूला सारून पुढं गेली. माझंही डोकं फिरलं होतं, पण शिवी द्यायची तरी ऐकणार कोण?

वरात वळणापार गेल्यावर आबा म्हणाले, “तोफ डागायला बी हुकूम लागतो मास्तर. ह्यांना कुनी दिला हुकूम?”

त्यांना धरून घरी नेलं. आतल्या खोलीत आबांच्या पत्नी शालनकाकी कॉटवरून अर्ध्या खाली घसरल्या होत्या. पक्षाघातानंतर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची वाचा गेली, असंच सगळी गल्ली समजून होती.

आबांनी मीटर कुठं टाकला कोण जाणे. गुलालानं माखलेल्या हातांनी त्यांनी काकींना उचललं, नीट निजवलं, उशी सारखी केली.

“हाक मारली असंल हिनं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मारती ती हाक. लय बारीक येती. घरात शांत असंल तरच कानाला घावती. मागल्या साली असंच वाजत हुतं बाहेर. मी पुढल्या सोप्यात बसलेलो, आन् ही तासभर आत जमिनीवर. मला काय बी कळलं न्हाई.”

काकींचे ओठ हलले. मी कॉटपासून दोन हातांवर उभा होतो, मला काहीच ऐकू आलं नाही. आबा वाकले. एक कान तोफांनी कधीच खाल्ला होता, दुसरा त्यांनी काकींच्या ओठांना लावला आणि डोळे मिटून घेतले. इतका हळू बोलणारा सुभेदार मी कधी ऐकला नव्हता.

“व्हय. व्हय गं. टाकतो.”

मग ते उठले.

“बसा मास्तर,” ते म्हणाले. “म्हनती, पावन्याला च्या इचारला न्हाई.”