चारशे अकरा फळ्यांचं गुदाम

टेबलावर चारशे अकरा फळ्या होत्या. चारशे आठ साबूत, तीन मुद्दाम मोडलेल्या. चारशे बारावीच्या जागी मुद्दाम ठेवलेलं भोक होतं. शिवाय छपराचे अठरा पत्रे, चौथऱ्याच्या दोन पायऱ्या आणि एक दार. दार साडेचार अंशांनी कललेलं होतं, तेही मुद्दामच. हे सगळं मिळून रेल्वेचं एक मालगुदाम झालं होतं. लांबी बावीस सेंटिमीटर, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग.

मैलूरमधल्या घराच्या मागच्या खोलीत योगीराजनं ते सात आठवडे खपून बनवलं होतं. तो भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होता. कलबुर्गीचे निवृत्त स्टेशनमास्तर चनमल्लप्पा आपल्या माडीवर छोट्या रुळांची रेल्वे मांडत होते आणि ज्या स्टेशनात ते नोकरीला लागले, ते त्यांना तिथं हुबेहूब उभं करायचं होतं. नमुना म्हणून आधी गुदाम. पसंत पडलं तर उरलेल्या अकरा इमारतीही योगीराजच्या. नाही पडलं तर, वडिलांशी ठरल्याप्रमाणे, सोमवारपासून विरुपाक्षकाकांच्या डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचं. मास्तर रविवारी अकराला येणार होते.

त्यांनी मोबाइलवर गुदामाचा एक फोटो पाठवला होता. त्यात गुदाम करडं, फुटकं आणि एका बाजूला झुकलेलं होतं. योगीराजनं तसंच केलं. भांडी घासायची तारेची घासणी आठ दिवस व्हिनेगरमध्ये भिजवायची. लाकडाला आधी काळ्या चहाचा हात द्यायचा, मग त्या व्हिनेगरचा. पाच मिनिटांत नवं लाकूड चाळीस उन्हाळे पाहिल्यासारखं दिसतं. वर कापडातून गाळलेली गावची तांबडी माती.

शनिवारी सकाळी नऊला त्याची आई, मंगल, खोलीत डोकावली.

"झालं का रे?"

"झालं."

"मग वास्तुशांत करून घेऊ. उद्या घरातून जायलंय ते."

"आई, वीतभर हाय ते!"

"छप्पर हाय, दार हाय, पायऱ्या हायत. मग घर न्हाई तर काय हाय? एवढं चांगलं काम मिळायलंय, पूजा नको व्हय?"

"बरं, एक उदबत्ती लाव. पण हात लावू नको," असं बजावून योगीराज गुदामावर ठेवायला काचेची पेटी आणण्यासाठी बाजारात गेला. काचवाल्यानं माप चुकवलं, पुन्हा कापलं, पुन्हा चुकवलं. परतायला दुपारचा एक वाजला.

दरम्यान शेजारच्या मल्लव्वा पूजेला आल्या होत्या. त्यांनी गुदाम चारही बाजूंनी पाहिलं.

"मंगलक्का, पूजा करा की. पण पडक्या घराची शांत कोन करतंय का? अपशकून हाय."

मंगलला ते पटलं. तिनं नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. अप्पाराव तीस वर्षं चौकटी आणि दारं बनवत होते. मुलाचं काम ते रोज येता-जाता पाहत होते आणि काही बोलत नव्हते. आता त्यांनी चष्मा पुसला.

"पोराला येत न्हाई म्हणून मी गप होतो. म्हनलं, कामून मन मोडायचं."

त्यांनी सागवानाच्या चार ढलप्या काढल्या. तीन मोडक्या फळ्या बदलल्या, भोक बुजवलं, दार उतरवून सरळ बसवलं. करडेपणा पॉलिश पेपरनं घासून काढला आणि लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिले. पॉलिश सुकल्यावर मंगलनं समोर वाटीत दूध उतू घातलं, उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि दारावर आंब्याचं पान लावलं. प्रमाणात ते पान बारा मीटर भरत होतं.

योगीराज दारात उभा राहिला. गुदाम तुपासारखं चमकत होतं.

"आता कसं दिसायलंय?" मंगल म्हणाली.

"अप्पा, हे काय केलं तुमी?"

"दुरुस्त केलं."

"ते मोडकंच पायजे होतं!"

अप्पारावांनी आधी गुदामाकडं पाहिलं, मग मुलाकडं. "मोडकं? आन् ते कोन इकत घेतंय?"

योगीराजनं हिशेब केला. हाती बावीस तास होते. पॉलिश स्पिरिटनं निघालं असतं, पण खालचा करडा रंग आधीच गेला होता. तो पुन्हा द्यायला बरणीतलं व्हिनेगर हवं होतं.

"आई, खिडकीतली बरणी?"

"ती व्हय? वतली मोरीत. चांगली घासणी कुजवलास की रे!"

नव्या घासणीला आठ दिवस लागले असते. अप्पाराव ओशाळले. "लेका, रंगाचं ऱ्हाऊ दे. मोडायचं तरी मी करून देतो. कुठं मोडू सांग."

त्यांनी एक फळी काढून मोडली. ती करवतीनं कापल्यासारखी सरळ तुटली. दुसरीही तशीच.

"वाकडी मोडा, अप्पा."

"वाकडीच मोडायलोय."

दार त्यांनी चार वेळा उतरवलं आणि चार वेळा तिरपं बसवलं. योगीराजनं चारही वेळा कोन मोजला. नव्वद, नव्वद, नव्वद, नव्वद.

"हात ऐकत न्हाई रे," अप्पाराव म्हणाले आणि तुटलेल्या फळ्यांच्या जागी नव्या बसवल्या.

रविवारी अकरा वाजता चनमल्लप्पा भिंग घेऊन आले. खुर्चीत टेकायच्या आधीच योगीराज म्हणाला, "सर, हे अजून जुनं व्हायचंय. आठ दिवस द्या."

मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. वाकून त्यांनी एकेक फळी पाहिली. दार काडीनं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात मंगल पदराचं टोक धरून उभी होती.

"जुनं कामून, तम्मा?" मास्तरांनी योगीराजला विचारलं.

"तुमी पाठवलेल्या फोटोत..."

"तो फोटो मागच्या वर्षीचा. भाच्यानं काढला. फक्त खिडक्या किती ते कळावं म्हणून धाडला. आता तिथं गाडीबी थांबत न्हाई." मास्तर ताठ झाले. "मी नोकरीला लागलो चौऱ्याऐंशीला. त्या आठवड्यात पॉलिश झालं होतं गुदामाला. मी असताना एक फळी हालली न्हाई!"

योगीराजनं सात आठवड्यांत सगळं विचारलं होतं. साल तेवढं विचारलं नव्हतं.

"हे दार कोन बसवलं?"

"मी," अप्पाराव म्हणाले.

"अकराही इमारती तुमच्याकडंच. पण सगळी दारं ह्याच हाताची पायजेत."

"मला कुठं येळ हाय, मास्तर? ह्यालाच शिकवतो की."

"शिकवा. पण सरळ."

सोमवारी साडेआठला योगीराज अप्पारावांच्या दुकानात हजर झाला. संध्याकाळपर्यंत त्यानं सात दारं बसवली, जमतील तितकी सरळ. अप्पारावांनी प्रत्येकाला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. योगीराजनं कोन मोजून वहीत लिहिले. काटकोनापासून सरासरी फरक: साडेचार अंश.