चार बोटं

खिडकी सकाळपासून आपटत होती. सुतारकामाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. खोलीतली खिडकी आपटली की इकडे फळीवरची भांडी वाजायची, आणि भांडी वाजली की सुतारीणबाईंचं डोकं फिरायचं.

खिडकीला पाचर हवी होती. खोलीत रंध्याच्या ढलप्यांचा ढीग होता, पण पाचरीजोगा तुकडा एकही नव्हता. उरलेले तुकडे बाईंचे यजमान, थोरले सुतार, लाकूड चिकटवायचा सरस तापवायला जाळून टाकत. कोपऱ्यात एक काठी उभी होती. तिच्या वरच्या भागावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, खालचा भाग कोरा. बाईंनी कोऱ्या टोकाचं चार बोटं लाकूड काढलं. मोडून नव्हे, उभा जन्म सुताराच्या घरात गेलेला, त्यांनी बारीक करवत घेतली आणि सरळ कापलं. पाचर बसली, खिडकी गप्प झाली, काठी पुन्हा कोपऱ्यात उभी राहिली. थोरले तेव्हा लाकूड आणायला गेले होते.

ती वकीलसाहेबांच्या खुर्चीची मापाची काठी होती.

थोरले सुतार टेपला हात लावत नसत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, शेजारी काठी उभी धरायची आणि रेघा मारायच्या. गुडघ्याची एक, कोपराची एक, खांद्याची एक. मग काठी आडवी धरून रुंदीची. खालच्या टोकापासून रेघेपर्यंत जेवढी काठी, तेवढं लाकूड. आकडा नाही, त्यामुळे आकडा चुकायची भीती नाही.

त्यांच्या मुलाला, म्हणजे धाकट्याला, हे पटत नसे. त्याला टेप हवी होती, कापायचं मशीन हवं होतं. या खुर्चीवरून बापलेकांत चांगलीच जुंपली होती.

"सूतभर फरक पडला ना या खुर्चीत," थोरले म्हणाले होते, "तर यापुढे माप तू घ्यायचं. खोली तुझी, मशीन आण नाहीतर हत्ती आण, मी दारात बसून माश्या मारीन. पण नाही पडला, तर मशीनचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये."

"कबूल," धाकटा म्हणाला होता.

खुर्ची झाली. खाचेत लाकडाचं कुसू बसताना असा आवाज आला, की थोरले स्वतःशीच हसले. सगळी मापं एकाच काठीची, त्यामुळे सगळं एकमेकांत चपखल बसलं. पॉलिश चढलं. धाकट्याने खुर्चीभोवती दोन फेऱ्या घातल्या.

"बाबा, लहान नाही वाटत?"

"तुझ्या डोळ्यांत टेप बसलीय."

धाकटा खुर्चीत बसला. त्याचे गुडघे वर आले. "हे बघा."

"बसायची रीत नाही तुला. उठ, पॉलिश ओलं आहे."

धाकटा उठला तो थेट स्वयंपाकघरात गेला. "आई, खुर्ची चांगली चार बोटं बुटकी झालीय. बाबांचा हात असा चुकत नाही गं."

सुतारीणबाईंच्या हातातला चमचा थांबला. "चार बोटं?"

"हो. का?"

"रेघांचं मी काही कापलं नाही रे," त्या म्हणाल्या. "कोरी बाजू होती, ती कापली."

धाकट्याने आधी आईकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या खिडकीच्या दिशेने पाहिलं, मग तो हळूच हसला. नुसतं गप्प बसलं तरी खोली त्याची होत होती.

"दात काय काढतोस? उद्या वकील येणार. चारचौघांत तुझ्या बापाची शोभा होईल."

"मग सांग त्यांना."

"मी? तू सांग. तुझं ऐकतात."

"माझं? कधीपासून?"

शेवटी दोघांनी मिळून कुणीच सांगितलं नाही. बाईंनी एक जाड उशी शिवली. उशी ठेवल्यावर बैठक उंच झाली, पण खुर्चीचे हात कमरेशी आले. मग धाकट्याने पायांखाली चार ठोकळे बसवले. ठोकळ्यांमुळे खुर्ची डुलायला लागली. तेवढ्यात थोरले आले.

"हे काय?"

"शोभेला," बाई म्हणाल्या.

"माझ्या खुर्चीला उशी? आणि खाली विटा? खुर्ची आहे की आजारी माणूस?" त्यांनी उशी दाराबाहेर टाकली आणि ठोकळे सरसाखाली जाळले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब सपत्नीक आले. साहेब दारातून वाकूनच येत. वकिलीणबाई त्यांच्या मागे होत्या, हे साहेब बाजूला झाल्यावर कळलं.

"वा! काम देखणं आहे," साहेब म्हणाले आणि बसले.

गुडघे छातीशी आले. कोपरं टेकवायला गेले तर खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी बरगड्यांना भिडले. साहेबांनी सभ्यपणे थोडा वेळ खोलीचं छत न्याहाळलं. मग ते उठले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

"काढा," साहेब म्हणाले.

धाकट्याने मागून ओढली. थोरल्यांचा चेहरा उतरला होता. ते कोपऱ्यातल्या काठीकडे बघत होते.

"माझंच माप घेतलं होतंत ना? स्टुलावर बसवून? मला आठवतं."

"सरका बघू जरा," वकिलीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. पाठ मागे टेकली, कोपरं हातांवर विसावली. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"टेकले," त्या म्हणाल्या.

"काय टेकले?"

"पाय. अहो, लग्न झाल्यापासून तुमच्या घरातल्या एकाही खुर्चीवर माझे पाय जमिनीला लागले नव्हते."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी खाली बघितलंत?"

साहेब थोरल्यांकडे वळले. "पण माप तर माझं होतं!"

थोरल्यांनी खुर्चीतल्या वकिलीणबाईंकडे पाहिलं. "माप तुमचंच घेतलं, साहेब. पण वहिनीही तिथंच उभ्या होत्या."

वकिलाला या वाक्यात पकडण्यासारखं काही सापडेना. "मी खुर्चीसकटच येते," वकिलीणबाई म्हणाल्या. साहेबांनी आपल्यासाठी दुसरी खुर्ची सांगितली, उद्या माप द्यायला येतो म्हणाले, आणि स्वतः खुर्ची उचलून घेऊन गेले.

धाकटा बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. पैज कोणी जिंकली, हे विचारायचं त्याचं धाडस होईना. थोरल्यांनी काठी उचलली. खालचं टोक बोटाने चाचपलं. लाकूड तिथे कोरं, पांढरं होतं आणि काप अगदी काटकोनात होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं. याच्या हाताने असा काप जन्मात आला नसता.

"उद्या वकिलाचं माप तू घे," ते म्हणाले.

"मी? कशाने?"

"तुझ्याकडे जे काय असेल त्याने."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. थोड्या वेळाने बाई दारात आल्या.

"मग ती काठी मोकळी झाली का? दोरीवरचे कपडे काढायला मला एक हवीच होती."

"घे की," थोरले म्हणाले आणि काठी त्यांच्यापुढे धरली. "लांबी ठीक आहे ना? की अजून कापायचीय?"

बाईंनी काठी उभी धरून नीट पाहिली.

"नको," त्या म्हणाल्या, "आता बरोबर आहे."