पट्टा कुणाच्या पायाला

डॉक्टरांनी घाईरावांना बजावलं होतं, पंधरवड्यात मोबाईलमधल्या व्यायामाच्या ॲपवरचे आकडे सुधारले नाहीत तर गुडघ्याचं ऑपरेशन! घालमेल इतकी, की समोर आलेला चहासुद्धा ते घरभर फिरतफिरतच संपवत.

मोबाईलमधली बाई मात्र निवांत. गुडघ्याला बांधलेला पट्टा हालचाल मोजायचा आणि बाई गोड आवाजात म्हणायची, "दीर्घ श्वास घ्या. दुखण्याशी भांडू नका, गप्पा मारा."

"गप्पा? धरून बदडावंसं वाटतंय मेल्याला!" म्हणत घाईराव दुसऱ्याच श्वासाला उठायचे. खुर्चीत बसून पाय वर, पाय खाली करणं त्यांना बापजन्मात जमणार नव्हतं. पण आकडे तर हवेतच. घरात दिवसभर हलतं कोण? त्यांनी सरळ पट्टा बायकोच्या गुडघ्याला बांधला.

"अहो, हे काय नवीन खूळ?"

"चारच दिवस गं. तू आपली तुझी कामं कर."

आकडे भराभर चढले. बाई "शाब्बास!" म्हणाली, घाईरावांनी मिशीवर ताव मारला. दोन दिवसांनी मात्र तिचा सूर बदलला. "जिना उतरताना तुम्ही पाय ओढताय. दुखतंय का?"

घाईरावांनी 'नाही'वर बोट दाबलं.

"दुखणं लपवू नका. खरंच दुखत नाही?"

पुन्हा 'नाही'. बाई कसली ऐकते! तिनं थेट दवाखान्यात कळवलं आणि तिकडून बोलावणं आलं. आता चोरी पकडली जाणार, या धास्तीनं घाईरावांनी घरभर येरझारा घालून फरशी झिजवायची बाकी ठेवली.

दवाखान्यात फिजिओबाईंनी त्यांना चालवलं, बसवलं, गुडघा वाकवून पाहिला.

"काका, हा तर छान मोकळा झालाय! ऑपरेशनचं नाव नको सध्या. काय केलंत?"

"काही नाही हो, काळजीनं नुसता चालत होतो," घाईराव बोलून गेले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"मग या आकड्यांतला गुडघा कुणाचा? त्याची अवस्था वाईट आहे. तातडीनं बघायला हवा."

घाईरावांनी सोबत आलेल्या, बाकावरच्या बायकोकडे पाहिलं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली होती.

"अगं, एवढं दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?" ती म्हणाली. "त्या बाईनं विचारलं, तर माझ्या वतीनं 'नाही' तुम्हीच सांगत होतात."