अक्षतांनी लिहिलेली नावं

नवागामच्या खानदेशी वस्तीत आजवर कोणी पाहिलं नसेल असं काहीतरी आपण दाखवणार, हे भूपेंद्रनं भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. जवळच्याच पर्वत पाटिया नाक्यावर त्याचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली! सत्त्याण्णव सालच्या त्या लग्नसराईत खानदेशी मंडळी लग्नाची कॅसेट करायला मोठ्या स्टुडिओत जात आणि भूपेंद्रकडे फक्त बारशी येत. ही एक कॅसेट गल्लीला आवडली तर सीझन त्याचा. नाहीतर पुन्हा डाईंग मिल.

कॅसेट पांडुरंग आणि सोनालीच्या लग्नाची होती. बेत असा, की हवेतून सोनेरी अक्षता झुंडीनं येणार आणि दाण्याला दाणा चिकटून पडद्यावर दोघांची नावं उमटणार. पण कॉम्प्युटरला दाणे जमवता येत नव्हते, अक्षरं फोडता तेवढी येत होती. म्हणून भूपेंद्रनं आधी नावं लिहिली, मागे लग्नाचं चित्र लावलं, नावं फोडून दाणे उधळले आणि मग तो सगळा तुकडा उलटा फिरवला. कॉम्प्युटर दिवसभर पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. शेवटी नावं जुळली, तेव्हा भूपेंद्रनं स्वतःच्याच कामाला हात जोडले. त्याची नजर अक्षरांवरून हलली नव्हती.

रविवारी संध्याकाळी पांडुरंगच्या दारात टीव्ही मांडला. गल्ली लोटली. सोनालीची आई शोभाबाईही आली होती.

पडद्यावर एक दाणा आला. मग मूठभर. मग मोहोळ उठावं तसे घोंघावत, वळत, चमकत हजारो. त्यातून ‘सोनाली’ उमटू लागलं आणि शेंगा सोलणारे हात थांबले. एक तान्हं पोर रडता रडता विसरलं.

“हाई तं आभायच उतरनं,” कोणीतरी हळूच म्हणालं.

भूपेंद्रची छाती पुरीसारखी फुगली.

“नाव ऱ्हाऊ दे,” पांडुरंगची आत्या, भागीरथी, म्हणाली. “मांगे काय चालू शे ते दखा.”

मागे लग्न उसवत होतं. सोनालीनं पांडुरंगच्या गळ्यातला हार काढून घेतला. डोक्यावरच्या अक्षता उडून पाहुण्यांच्या मुठीत परत गेल्या. अंतरपाट पुन्हा आडवा आला आणि नवरी पाठीमागे चालत मांडवातून निघून गेली.

“तुले लगन दखाडाले सांगेल व्हतं,” आत्या म्हणाली, “मोडाले नही.”

“आत्या, एक मिनिट,” म्हणत भूपेंद्रनं व्हीसीआर उलटा चालवला. आता नवरी सरळ चालत आली, अक्षता पडल्या, हार गळ्यात गेला. पण नावांच्या ठिकऱ्या उडाल्या.

“मघाशी लग्न मोडलं होतं,” पांडुरंग म्हणाला. “आता आम्हीच फुटलो.”

“दोन्ही एकदम नीट नाही होत?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“होतं. पण दुकानात जाऊन पुन्हा करावं लागेल,” भूपेंद्र म्हणाला.

भूपेंद्रच्या नाकात मिलच्या रंगाचा वास भरला.

“दादा, ते पहिलं लावा ना परत.” शोभाबाई होती. लग्न लागताना ती रिवाजाप्रमाणे तुळशीपाशी पाठ करून उभी होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. भूपेंद्रनं लावलं. सोनाली एकेक पाऊल मागे येत घराच्या दारात पोचली, तशी शोभाबाईनं पदर डोळ्यांना लावला. “मला हीच कॅसेट द्या. यात ती घरी येते.”

टीव्हीकडे लोक देव्हाऱ्याकडे बघावं तसे बघत राहिले. मग आत्या खाकरली. “मन्ही पोर जयश्रीना लगननीबी अशीच करी दे.”

आठवडाभरात जिन्याखाली लेकींच्या आयांची रांग लागली. पार इच्छापोरहून बायका आल्या. सीझन भूपेंद्रचा झाला. फक्त जाता जाता प्रत्येक आई बजावून जाई, “ते मधले सोनेरी दाणे तेवढे काढा, भाऊ. पोरगी नीट दिसत नाही.”