प्रमोटरवर बसलेले अण्णा

पोलादपूरच्या कॉलेजच्या स्टेजवर उज्वला मॅडमनी खुर्च्यांची एक रांग मांडली आणि तिला डीएनए म्हटलं. पहिल्या खुर्चीवर लाल मखमल, तो प्रमोटर, म्हणजे जीन वाचायला सुरुवात होते ती जागा. दुधातली साखर पचवणारं प्रथिन जिवाणूत कसं तयार होतं, याचं जिवंत मॉडेल मुलं करणार होती. रिप्रेसर झालेला नागसेन मखमलीवर ठाण मांडून वाट अडवणार. लॅक्टोज, म्हणजे तीच दुधातली साखर, झालेला अनिल डबा घेऊन आला की तो उठणार. मग पॉलिमरेज झालेली तेजश्री तिथं बसणार आणि पुढच्या खुर्च्यांवरचा जीन वाचत जाणार.

विज्ञान स्पर्धेचे परीक्षक महाडहून आले होते. मॉडेल जिल्ह्याला गेलं तर मॅडमना नोकरीत कायम करू, असा शब्द संस्थेचे अध्यक्ष हैबतीअण्णा यांनी दिला होता. तसा शब्द ते दरवर्षीच देत, फक्त अट बदलायची.

अण्णा आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आले, तिथंच घात झाला. स्टेजवर चढले, मखमल पाहिली आणि बसले. मखमलीची खुर्ची आपलीच समजायची रीत आपल्याकडे जुनी आहे. बसलेल्या अध्यक्षाला 'उठा' म्हणायची रीत मात्र अजून कुणी काढलेली नाही.

"अण्णा, तुमची खुर्ची खाली, पहिल्या रांगेत आहे," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"असू दे गो. हितं पंखा हाय."

"मॅडम, माझी जागा गेली," नागसेन कुजबुजला.

"तू पडद्यामागं जा."

"सुरू करा!" खालून परीक्षक म्हणाले.

तेजश्री आली, मखमलीपाशी घुटमळली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठी हो."

ती परत गेली. मॅडमनी खूण केली, तशी पुन्हा आली.

"अगो, दिला ना आशीर्वाद? आता काय पेढा देऊ?"

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा अण्णांना वाटलं, पोरगी भाषणाला सांगायला आली. त्यांनी शेजारचा माइक उचलला आणि हे कॉलेज आपण कसं आणलं ते सांगायला घेतलं. पुढच्या खुर्च्यांवर जीन झालेली पोरं जांभया देऊ लागली. परीक्षक भराभर काहीतरी लिहीत होते. यंदाही आपलं कायम होणं गेलं, असं मॅडमनी मनाशी धरलं.

तेवढ्यात अनिल शिरला. त्याच्या हातातला डबा खरं तर रिकामा असायचा होता. पण रिकामा डबा चार लोकांत न्यायचा नाय, असं त्याच्या आईनं, प्रयागबाईंनी, बजावलं होतं. घरची म्हैस नुकतीच व्यालेली. त्यांनी डबा गच्च भरून दिला होता.

वेलची-जायफळाचा वास अण्णांपर्यंत गेला. भाषण मध्येच थांबलं.

"काय हाय रे त्यात?"

"लॅक्टोज, अण्णा."

"उघड बघू. आरं, हा तं खरवस!"

अण्णा उठले, अनिलच्या खांद्यावर हात टाकून थेट पडद्यामागं गेले. तेजश्री झेप घेऊन मखमलीवर बसली. जीन धडाधड वाचला गेला आणि प्रथिन झालेली मुलं टाळ्यांच्या कडकडाटात बाहेर पडली.

परीक्षक उठून उभे राहिले. "मॅडम, इतरांचा रिप्रेसर नुसता बसतो. तुमच्याला खरोखर उठायचंच नव्हतं! पॉलिमरेज पुन्हा पुन्हा येऊन परत जातं, काय बारकाईनं दाखवलंत! पहिला नंबर. पण जिल्ह्याला हेच कलाकार आणा."

"माझं काम समद्यांनाच आवडतं," तोंड पुसत आलेले अण्णा म्हणाले आणि पुन्हा मखमलीवर बसले.

मॅडमनी तेवढ्यात विचारून घेतलं, "अण्णा, मग माझं कायम करायचं?"

"बघू गो. घाई काय हाय? बसून बोलू."

इतकी वर्षं मॅडमनी अर्ज केले, विनवण्या केल्या. लॅक्टोज आल्याशिवाय रिप्रेसर उठत नाही, हा धडा त्या दर वर्षी पोरांना घोटून घोटून शिकवत होत्या आणि स्वतः मात्र शिकल्या नव्हत्या. त्यांना स्वतःचाच राग आला आणि हसूही आलं. त्या अनिलकडे वळल्या.

"अनिल, म्हशीचा चीक अजून निघतो का रे?"

"व्हय मॅडम, उद्यापरेंत निघल."

"मग सकाळी एक डबा अण्णांच्या घरी न्यायचा. मी येते बरोबर, सहीचा कागद आणि पेन घेऊन."