काळ्या व रुपेरी कीबोर्डाच्या परीक्षेची हकीकत

ज्या कर्त्याने माणसास कान दोन दिले आणि त्यांस झाकण एकही दिले नाही, त्यास नमस्कार करून लिहावयास घेतो. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, माघ शुद्ध सप्तमी, ते दिवशी एका राज्यात वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगत नाही. सांगितल्यास पाच-सात राज्ये रागे भरतील की आमचे नाव का गाळिले.

त्या राज्याचे धनी श्रीमंत भुजंगराव. गाण्याचे मोठे शौकीन, म्हणजे गाणे चालू असता मान डोलवीत आणि संपले की दचकत. त्यांचे पदरी राजगायिका हौसाबाई, वय साठीपार, आणि पेटीच्या साथीस दादू गुरव, तोही तितकाच जुना. राज्याचा कायदा ऐसा की राजगायिकेने काळी चार या पट्टीतच, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा धरूनच, गावे. पट्टी उतरली की गादी उतरली, आणि राहते घर व दरबारचा मान सर्व खालसा. हा कायदा हुजुरांच्या आजोबांनी केला होता, आणि काळी चार कोणती हे त्यांस ठाऊक होते. तो त्या साली पेटीचा भाता उंदरांनी कुरतडिला, आणि हुजुरांची मर्जी जाहली की आता पेटी नको, कीबोर्ड आणावा, ज्यावर डाव्या हाताने दोन-तीन सूर एकत्र धरिले असता तबला, ढोलक, गिटार सर्व मंडळी आपोआप साथीस उभी राहतात. मग दोन कीबोर्ड आणविले, एक काळा आणि एक रुपेरी, आणि आज्ञा जाहली की नाद कोणाचा बरा आणि हातास कोणता बरा याची परीक्षा व्हावी. काळ्याची बाजू सेनापती मानाजींनी घेतली आणि रुपेरीची दिवाण नारोपंतांनी, आणि दोघांसही वाजविता येत नव्हते म्हणून वाद फार उत्तम रंगला.

दिवाण बोलिले, "आमच्यात आठशे आवाज आहेत." सेनापती बोलिले, "आमचा उचलायला दोन गडी लागतात." हुजूर बोलिले, "वजन पाहिजेच." मग दिवाणांनी रुपेरीचे एक बटन हुजुरांच्या बोटाखाली सरकविले, आणि आत भरून ठेविलेले गाणे सुरू जाहले, आणि हुजुरांनी बोट काढून नाकावर ठेविले तरी वाजतच राहिले, आणि दरबार ओरडला, "सरकारांचा हात काय फिरतो!" हुजूर लाजून बोलिले, "अलीकडे रियाज नाही हो." मग दादू गुरवास बसविले. त्याने प्रथम काळा वाजविला. त्याच्या पट्ट्या खोल जात, हळू दाबिले तर हळू बोलत आणि जोर दिला तर अंगावर येत, आणि तबल्याच्या डग्ग्यात खरा घुमारा होता, आणि मुख्य गोष्ट ही की डावा हात उचलिला की ठेका जागीच थांबे आणि हात ठेविला की पुन्हा समेपासून उठे. रुपेरीच्या पट्ट्या पापडासारख्या, कशाही दाबा, एकच आवाज. सनई लाविली तर स्टीलच्या पेल्यात कोणी फुंकतो ऐसे वाटे. आणि ठेका एकदा सुटला की गाणारीण मेली तरी थांबत नसे. दादू बोलिला, "सरकार, काळा घ्या. हा बाईंसाठी थांबतो." दिवाण बोलिले, "थांबायला यंत्र कशाला? आम्ही आहोत की."

मग दिवाणांनी रुपेरीची तार भिंतीवरील मोठ्या पडद्यास जोडिली, आणि डावा हात ज्या पट्टीवर पडे तिचे नाव हातभर अक्षरांत सर्वांस दिसू लागले. ते पाहून दादूने डावा हात उचलून मांडीवर ठेविला. आतली गोष्ट ऐसी की बाईंचा गळा दहा वर्षांत तीन पट्ट्या उतरला होता, प्रथम पांढरी पाच, मग काळी तीन, आणि आता पांढरी चार, आणि दर खेपेस दादू मुकाट्याने खाली सरकून वाजवी आणि दरबार काळी चार समजून मान डोलवी. तो बाईंच्या कानाशी लागला, "बाई, आज खोकला काढा. पडदा चहाडखोर आहे." बाई म्हणाल्या, "दादूभाऊ, आज खोकले तर उद्या काय करू? वाजवा तुम्ही."

मग बाई गाऊ लागल्या, आणि एका जागी सूर धरून उभ्या राहिल्या तो रुपेरीचा ठेका त्यांस टाकून दोन आवर्तने पुढे गेला, ते कोणाच्या ध्यानी आले नाही, कारण सर्वांचे डोळे पडद्यावर होते. दिवाण उठून उभे राहिले. "सरकार! ही पांढरी चार! तीन पट्ट्या खाली!" हुजूर बोलिले, "बाई, हे खरे? आम्हांस फसविले?"

"मी गायले, सरकार. ऐकायचं काम तुमचं होतं. गेल्या दसऱ्याला हा कंठा माझ्या गळ्यात घातलात, तेव्हा म्हणालात, काळी चार अशी लागली की देवळाचा कळस हलला. ती पांढरी चार होती. कायद्यानं मला खुशाल काढा. पण आधी कंठा परत घ्या, आणि का घेतला ते दवंडी पिटून सांगा."

तेव्हा ज्यांनी दहा वर्षे माना डोलविल्या होत्या त्यांच्या माना खाली गेल्या. हुजूर पेचात पडले. कायदा पाळावा तर कान बहिरे ठरतात, आणि कान राखावे तर कायदा मोडतो. मग मसलत बसली, आणि दिवाणांनीच तोड काढिली की पट्टी पांढरी आहे एवढाच काय तो दोष. मग रंगारी बोलावून ती पट्टी काळी करविली, आणि दवंडी फिरली की या राज्यात काळी चार म्हणतात ती हीच. घेतला तो रुपेरी, कारण हुजूर त्यावर वाजवितात हे सर्वांनी पाहिले होते. पडदा मात्र उतरविला. काळा परत गेला. बाईंनी दादूस विचारिले, "पुढच्या साली गळा अजून उतरेल, मग हो?" दादू आपली काळी बोटे पुशीत म्हणाला, "उतरू द्या. रंगारी चाकरीत ठेवलाय."

येणेप्रमाणे परीक्षा जाहली. नाद काळ्याचा बरा, हातासही काळा बरा, रुपेरीस बटने फार. बाईंची गादी राहिली, कायदा राहिला, हुजुरांचे कान राहिले. आजमितीस त्या कीबोर्डावर पांढऱ्या पट्ट्या दोनच उरल्या असून रंगारी सरदारांच्या पंगतीस बसतो.