एकोणतीस अंशांचा संसार

पाण्याबाहेर मासा जगत नाही, हे सत्य शाळेतली पोरंही सांगतात. पण पाण्यातसुद्धा न जगण्याकडे ज्याचा कल असतो असाही एक मासा आहे, हे सत्य जळगावला प्रेमराजभाऊंनी दाखवून दिलं. त्याबद्दल जिल्ह्याने त्यांचं ऋणी राहायला हवं.

या माशाचं नाव डिस्कस. बशीएवढा गोल, चपटा, अंगावर निळे-नारिंगी पट्टे आणि चेहऱ्यावर लग्नात मानपान न झालेल्या व्याह्याचे भाव. मूळचा अ‍ॅमेझॉनकडचा, म्हणजे जिथलं पाणी मऊ आणि उबदार असतं तिथला. आमच्याकडे बोअरचं पाणी चार दिवस बादलीत ठेवलं तर बादलीला आतून प्लास्टर होतं. अशा गावात हा मासा पाळायला छाती लागते. प्रेमराजभाऊ ठिबक सिंचनाचे पाइप विकत. केळीच्या एकेका खोडाला थेंब थेंब पाणी कसं पाजावं हे त्यांनी निम्म्या तालुक्याला शिकवलं होतं. तो माणूस सहा माशांना हार जाणार होय?

सहाच का, तर एकटा डिस्कस झुरतो, दोन असले की भांडतात आणि तीन असले की दोघं मिळून तिसऱ्याला मारतात (हा भाग भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही). हे ज्ञान भाऊंना 'खान्देश डिस्कस परिवार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळालं. ग्रुपचे अ‍ॅडमिन चाळीसगावचे झुलाल सर. सरांचे मासे तीनदा सामुदायिकरीत्या वारले होते, म्हणून त्यांचा अनुभव सर्वांत दांडगा मानला जाई. कोणी काहीही विचारो, सर एकच सांगत, 'पाणी बदला.' हा सल्ला आजवर चुकलेला नाही. मासा जगला तर पाणी बदलल्यामुळे आणि मेला तर कमी बदलल्यामुळे.

घरात माणसं तीन. भाऊ, त्यांची बायको मेघा आणि आई मंजुळाबाई. वडील गेल्यावर माय एरंडोलजवळचं गाव सोडून लेकाकडे राहायला आली होती. मासे आल्यापासून घराला शिस्त लागली. नळाचं पाणी आलं की पहिला मान माशांच्या काचेच्या टाकीचा. टाकीत थेंब थेंब ताजं पाणी पडे आणि वरचं जुनं पाणी पाइपातून थेट न्हाणीघरात जाई. त्या पाण्याने माणसं अंघोळ करत. ("अंगाला वास येतो," असं मेघा म्हणे. त्यावर भाऊ म्हणत, "माशांनी कधी तक्रार केलीय का?") डीप फ्रीजमध्ये आइस्क्रीमशेजारी गोठवलेले किडे आले. माय माळकरी, तिने फ्रीज उघडणंच सोडून दिलं. मिरचीचा ठसका हवेच्या पंपातून पाण्यात उतरतो, म्हणून घरात फोडणी बंद झाली. ऐन भरताच्या दिवसांत या घरात वांगं भाजलं गेलं नाही. शेजारच्या तानुबाईंना वाटलं सुतक आहे, त्या बिचाऱ्या डबा घेऊन आल्या.

मायच्या चांदीच्या बांगड्यांचा आवाज झाला की मासे दचकत. मग तिला माशांच्या खोलीत जायची बंदी झाली. तिने ती निमूटपणे पाळली. लेक कशात तरी रमलाय, याचंच तिला कौतुक. "मना लेकना मासा अमेरिकाना शेतस," असं ती गल्लीत सांगे.

मग मे महिना उजाडला. पारा सेहेचाळीसवर गेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. डिस्कसला लागतात एकोणतीस अंश. इतर गावांत लोक त्याच्यासाठी टाकीत हीटर बसवतात. जळगावात भाऊंनी खोलीला एसी बसवला. या घरात दहा वर्षं एसीचा विषय निघाला की भाऊ म्हणत, "एसीने मायचे सांधे धरतील." माशांना सांधे नसल्याने (ग्रुपवर खात्री करून घेतली होती) ती अडचण राहिली नाही.

आता एसीचा एक स्वभाव आहे. तो उष्णता संपवत नाही, तिची फक्त बदली करतो. बाहेरची पेटी बसवायला जागा एकच होती, मागच्या भिंतीवर. ती नेमकी मायच्या खिडकीला लागून. मेघा म्हणाली, "अहो, सगळी वाफ आईंच्या खोलीत जाईल." भाऊ म्हणाले, "खिडकी लावून घ्यायची. आणि तिला उन्हाची सवय आहे, जन्मभर शेतात राबलीय." माय शांतपणे खिडकीला गोधडी लावत म्हणाली, "मासास्ले थंडं नि मायले गरम. बठ्ठं उलटंच शे तुनं, भाऊ." आणि हसली. ती हसली म्हणून भाऊंनी विषय संपवला.

चौथ्या-पाचव्या दुपारी दुकानात मेघाचा फोन आला. "लवकर या हो, काहीच हालचाल नाही!"

"पंप चालू आहे ना?" भाऊंनी विचारलं.

"कसला पंप? आई पडल्यात!"

भाऊ मोटरसायकलवरून कसे आले ते त्यांचं त्यांना ठाऊक नाही. मायचं अंग तव्यासारखं तापलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉ. साक्षी मॅडमनी सलाइन लावत पटापट विचारायला सुरुवात केली.

"बीपी आहे का यांना?"

"असावं."

"गोळी कोणती चालू आहे?"

"पांढरी. लहान. बहुतेक पांढरीच."

"शुगर? काल रात्री जेवल्या होत्या का? लघवीला गेल्या होत्या का?"

सहापैकी थोरल्या माशाने सकाळी दोन घास सोडले, हे भाऊंना माहीत होतं. कुठल्या माशाची विष्ठा पांढरी आहे आणि कुठल्याची काळी, हेही माहीत होतं. पाण्याचं तापमान तर दशांशात. मायचं वय सांगतानासुद्धा त्यांनी मेघाकडे पाहिलं. भाऊंना लाज वाटली. अशी वाटली की मान वर होईना.

संध्याकाळी मायने डोळे उघडले. लेक उशाशी बसलेला पाहून तिने पहिलं विचारलं, "मासास्नं पानी बदलं का रे भाऊ?"

तिथे, दवाखान्यातल्या सगळ्या माणसांसमोर, प्रेमराजभाऊ ढसाढसा रडले.

माय घरी आली ती थेट माशांच्या खोलीत. भाऊंनी तिची खाट तिथेच टाकली, बांगड्यांसकट. ग्रुपवर निषेध झाला. पण घडलं भलतंच. मासे दोन दिवस दचकले, तिसऱ्या दिवशी काचेला नाक लावून मायकडे बघत बसले, आणि चरायला लागले ते अगदी बकरीसारखे. रंगही खुलले. भाऊंनी फोटो टाकला. झुलाल सरांनी शाबासकीचे तीन अंगठे टाकून नवा नियम जाहीर केला : टाकीजवळ एक माय ठेवावी, माशांना मानवते. धुळ्याच्या दोन सभासदांनी त्याच आठवड्यात गावाकडून आपापल्या आया आणवल्या. एकाने तर आईला एसीची खोली सोसेल का, असंही विचारलं. सर म्हणाले, 'पाणी बदला.'

हसलात? हसा, हसा. फक्त हसून झालं की एवढं सांगा, तुमच्या आईची बीपीची गोळी कोणत्या रंगाची आहे? नाही, लगेच फोन लावू नका. दुपारची वेळ आहे, म्हातारी झोपली असेल. दुपारी झोपते ना हो ती?